धुरपताबाईची पहाडी आणि दोनशे बारा झाडं

भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा नागझिऱ्याचं जंगल गोंदियाकडे गेलं आणि आमच्या गावाला एक बोडकी पहाडी राहिली. बोडकी ती खालून दिसते. वर काय आहे हे ठाऊक असणारी गावात एकच बाई होती, धुरपताबाई.

मोहफुलं, चारोळी आणि तेंदूची पानं गोळा करण्यात तिचा जन्म गेलेला. पहाडीला तीन मजले आहेत, असं ती सांगायची. पायथ्याशी पळस आणि मोह, मधल्या मजल्यावर येन, म्हणजे ऐन, आणि धावडा, आणि माथ्यावर, जिथे मूठभर माती नाही, तिथे सालई आणि कुल्लू. पांढऱ्या सालीचा हा कुल्लू खाली आणून लावला तर जगत नाही, हे तिने दोनदा लावून पाहिलं होतं. सावलीच्या उतारावर नेचे उगवतात, उन्हाच्या उतारावर औषधालाही सापडत नाहीत. हे सगळं ती कोणी न विचारता सांगायची आणि आम्ही जांभया द्यायचो. मी शाळामास्तर. हिमालयात कोणत्या उंचीवर कोणतं झाड येतं हे पंचवीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं, पण शाळेसमोरच्या पहाडीवर एकदाही चढलो नाही.

तिची माझी ओळख साक्षरता वर्गातली. बाईला सही आली की बाई साक्षर, असं वरून ठरलेलं होतं. मी तिला 'धुरपता' एवढं गिरवायला शिकवलं आणि कागदावर बरोबरची खूण करून मोकळा झालो.

पुढे बऱ्याच वर्षांनी हुकूम आला की प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या झाडाझुडपांची नोंदवही करावी, तीही महिन्याभरात. नागपूरच्या एका संस्थेने चाळीस गावांचं काम एकदम उचललं. संस्थेचा मनिष मोटरसायकलवर आला, पंचायतीच्या ओट्यावरूनच पहाडीचा फोटो काढला, पोहे खाल्ले आणि गेला. पंधरा दिवसांत गुळगुळीत कागदाची जाडजूड नोंदवही हजर झाली. तिच्या पहिल्या पानावर समिती छापली होती: ग्रामसेवक, मी आणि 'स्थानिक जाणकार' धुरपताबाई. या जाणकार बाईला कोणी एक शब्द विचारला नव्हता. पण आपलं नाव छापलेलं बघून ती अशी हरखली की विचारायचं राहिलं हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

तरी सही करण्याआधी तिने नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "गुरुजी, पाहून सांगा जी. आपल्या पहाडीचंच हाये ना बराबर?"

मी पानं चाळली. दोनशे बारा नावं होती. तेवढ्यात चहा आला. बरोबर आहे, असं मी सांगून टाकलं. तिने जीभ दातांत धरून सही केली, खाली मीही केली.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी गिट्टीच्या खाणीसाठी पहाडीचा माथा मागितला. पाहणीला तहसीलचे साहेब आले. धुरपताबाई निर्धास्त होती. पहाडी पुस्तकात लिहिलेली आहे, आता तिला कोण हात लावतो, असं ती गावभर सांगत होती. वाट दाखवायला पुढे तीच, मागे साहेब आणि शेवटी धापा टाकत मी.

माथ्यावर साहेब कुल्लूच्या बुंध्याला टेकून बसले आणि नोंदवहीतली नावं वाचू लागले. कारवी आहे का? नाही. अंजनी? नाही. धुरपताबाईने ही नावं कधी ऐकलीही नव्हती. मी नोंदवही हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट वाचली. मनिषने कुठल्या तरी घाटावरच्या तालुक्याची यादी उचलून त्यावर आमच्या गावाचं नाव चढवलं होतं. झाडं सगळी बाराशे मीटर उंचीवरची. आमची पहाडी अर्ध्या तासात चढून होते. एकेचाळिसाव्या पानावर तर लिहिलं होतं की आभाळ निरभ्र असल्यास येथून समुद्र दिसतो. भंडारा जिल्ह्यातून समुद्र!

साहेबांनी शांतपणे लिहिलं, नोंदवहीतील एकही वनस्पती आढळली नाही, खाणीस हरकत नाही.

"साहेब, तुमी ज्याले टेकून बसले, ते काय हाये मंग?" धुरपताबाईने विचारलं.

"ते यादीत नाही, बाई." साहेबांनी माझ्या हातून नोंदवही घेतली आणि पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "ही सही तुमचीच ना?"

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. सही तिचीच होती, आणि वळणदार होती. मग ती माझ्याकडे वळली.

"गुरुजी, सही कराले शिकवलं तुमी. वाचाले काहून नाही शिकवलं?"

वर्ग तीनच महिन्यांचा होता, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती उतरायला लागली. दिवाळीनंतर माथ्यावर पहिला सुरुंग लागला, तो कुल्लूच्या मुळाशी.