सिउक्वानच्या लग्नाचे टार्ट

पूनशेठच्या बेकरीत शिरलं की माणूस आधी ट्रे आणि चिमटा उचलतो, मग काचेची झाकणं उघडून आपले बन निवडतो. हाँगकाँगच्या ‘तो क्वा वान’ वस्तीतल्या लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही. त्यामुळे सिउक्वान रिकाम्या हातांनी सरळ गल्ल्यापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा पूनवहिनींना वाटलं, बाईला चक्कर येतेय.

“क्वानताई, बसता का? स्टूल देऊ?”

“स्टूल नको. लग्नाचे केक सांगायचेत.”

“अय्या, नातीचं जमलं वाटतं?”

“नात तिसरीत आहे. लग्न माझं आहे.”

अंड्याच्या गरम टार्टसाठी थांबलेल्या रांगेतल्या माना वळल्या. कुणाचा तरी चिमटा ट्रेवर आपटला. मग रांगेतल्या एका बाईने, कुणाकडेच न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “साखर बेताची घाला हो पूनवहिनी. नवरदेवाला डायबेटिस असायचा.”

“नवरदेव ठणठणीत आहे,” सिउक्वान मागे वळून म्हणाली. “तुमचं तोंड मात्र गोड करायला हवं. तुमच्या घरी आधी पाठवते.”

आतून पूनशेठ हाताचं पीठ झटकत आले. ते चेष्टा करणारे नव्हते; त्यांना खरंच अडचण पडली होती. “ताई, नवरीचे केक नवरीचं माहेर वाटतं. आमची लेक सासरी चालली, तोंड गोड करा, असं म्हणून. तुमच्या माहेरी आता आहे कोण?”

“मी आहे.”

“आणि नवरी?”

“ती पण मीच. एका बाईत दोन्ही कामं उरकतात. तुम्ही कणीक मळा.”

पूनशेठनी हात पुसून पेन्सिल उचलली आणि आतलं सारण कुठलं हवं ते विचारलं. मुगाचं, लाल चवळीचं, आणि कमळबियांचं, मध्ये अंड्याचा खारवलेला बलक घातलेलं. सगळी हवीत, ती म्हणाली. मंगलकार्याच्या लाल डब्यांत, इमारतीतल्या प्रत्येक दाराला एक.

हा हट्ट काही एका दिवसात जन्मलेला नव्हता. सिउक्वान पहिल्यांदा नवरी झाली तेव्हा ती केसांचे टोप बनवायच्या कारखान्यात कामाला होती. नवऱ्याकडून वाटपाचे केक आले ते इतके थोडे, की तिच्या आईने प्रत्येक केकचे सुरीने चार तुकडे केले आणि कागदात गुंडाळून चाळीत वाटले. शेजारणींनी ते तुकडे घेताना कसं तोंड केलं, ते सिउक्वानने पडद्याआडून बघितलं होतं. पुढे संसार झाला, मुलगा झाला, नवरा आजारपणात गेला. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. रक्ताच्या चादरी, घामाच्या चादरी, वाफ आणि निळं पाणी. त्या वर्षांत ती पूनशेठकडे दुकान बंद व्हायच्या वेळी यायची, कारण तेव्हा उरलेले बन एका पिशवीत भरून स्वस्तात मिळायचे. कोणता बन आवडतो हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही विचारलं नाही. पिशवीत निघेल तो बन आवडीचा.

निवृत्त झाल्यावर ती पहिल्यांदा दुपारी आली आणि भट्टीतून नुकताच काढलेला टार्ट दुकानाबाहेर उभं राहून खाल्ला. शेजारी याउ उभा होता. फेरीबोटीवर दोर टाकण्यात आयुष्य गेलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तो टार्टचा पहिला घास घाईने घ्यायचा आणि रोज जीभ भाजून घ्यायचा. “कालचं आज लक्षात राहत नाही का हो तुमच्या?” तिने विचारलं. “राहतं,” तो म्हणाला, “पण वास आला की विसरतो.” एवढ्यावर ओळख झाली. ती वाढत गेली आणि एके दिवशी त्याने, समुद्राकडे तोंड करून, लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, “करू. पण चोरून नाही.”

मुलगा होंग एका इस्टेट एजंटकडे नोकरीला होता. दुसऱ्यांना घरं दाखवून दाखवून त्याला प्रत्येक गोष्टीत आधी खोट दिसायची. आईने जेवताना बातमी सांगितली तेव्हा त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“आई, लग्न कर. मी कुठे नाही म्हणतोय? कचेरीत जाऊन सह्या करा, चार माणसं हॉटेलात जेवू, झालं. पण दारोदार केक कशाला?”

“लग्न ठरलं की केक वाटतात म्हणून.”

“माझ्या सासूबाई तुझ्याच इमारतीत राहतात. त्यांना काय सांगू? आई सत्तरीला टेकली आणि नवरी झाली?”

“तेच सांग. छान वाक्य आहे.”

“लोक हसतील गं.”

“हसू देत की. लग्नघरात काय रडायचं असतं?”

होंगने चॉपस्टिक्स पुन्हा उचलल्या आणि वाडगा संपवला. सिउक्वानला वाटलं, पटलं नसलं तरी गिळलं. तिथे तिचं चुकलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती आणि याउ सामानाची ढकलगाडी घेऊन बेकरीत गेले. याउने दाढी केली होती आणि गाडीच्या चाकांना तेल घातलं होतं. पूनवहिनींनी दोघांना आत येताना पाहिलं आणि त्या उगाचच बनांची झाकणं पुसायला लागल्या.

“वहिनी, आमचे डबे?”

“ताई…” वहिनींचा फडका थांबेना. “ते तुमचं रद्द झालं ना?”

पूनशेठ बाहेर आले. होंगचा फोन आला होता. आईचा विचार बदलला, केक नकोत, असं त्याने सांगितलं होतं. “आणि तुम्ही मला विचारलं नाहीत?” सिउक्वानने विचारलं.

“ताई, माझा जन्म गेला या धंद्यात. केकची ऑर्डर घरचा कर्ता माणूस देतो, आणि बदलतो तोही तोच. नवरीला फोन लावून कुणी विचारत नाही. मी म्हटलं, हा घरचा माणूस.” पूनशेठना बोलता बोलताच आपली चूक दिसत गेली. “नवरीच ऑर्डर देऊन गेली होती, हे डोक्यात आलंच नाही.”

“मग आता करा.”

“आता कसे करू? मूग भिजलेले नाहीत. चरबीची कणीक मुरायला हवी. कमळबियांचं सारण ढवळून ढवळून सकाळ होते. उद्या दुपारी देतो.”

“उद्या सकाळी लग्न आहे. लग्न उरकल्यावर माहेर केक वाटायला लागलं तर लोक म्हणतील, आधी पळून गेली आणि मग सुचलं.”

याउने तिच्या कोपराला हात लावला. “क्वान, आपण आधी चहा घेऊ. नसतील केक तर नसू देत. मला काही वाटणार नाही.”

“मला वाटेल,” ती म्हणाली. “तुम्ही चहा घ्या.”

तेवढ्यात आतून टार्टचा मोठा पत्रा आला. पिवळेधमक, वरचं दुधाअंड्याचं सारण अजून थरथरत होतं, कडेचे पापुद्रे फुललेले. रांगेत हालचाल झाली, चिमटे पुढे सरसावले. सिउक्वान त्या पत्र्याकडे बघत राहिली.

“पूनशेठ, मंगलकार्याचे लाल डबे आहेत ना दुकानात?”

“डबे आहेत. डब्यांना काय करायचंय?”

“हे टार्ट त्यात भरा. सगळे.”

“अहो, ते लग्नाचे केक नव्हेत. आणि झाकण लावलं तर वाफेने पापुद्रे मऊ पडतील.”

“झाकणं लावू नका. आणि कशाला लग्नाचं म्हणायचं ते नवरीचं माहेर ठरवतं. माहेर इथे उभं आहे.”

“आणि आम्ही काय खायचं?” रांगेतून कुणीतरी तक्रार केली.

“तुम्ही पण हेच खायचं. माझ्या लग्नाचे आहेत.” तिने स्वतः चिमटा घेतला आणि रांगेतल्या एकेकाच्या हातावर टार्ट ठेवत गेली. डायबेटिसची चौकशी करणारी बाई आजही होती. तिने टार्ट घेतला, फुंकर मारली आणि जरा वेळाने म्हणाली, “नवरदेव दिसायला बरे आहेत हो.” याउ कानापर्यंत लाल झाला. पूनशेठ तोवर आत पळाले होते. दुसरा पत्रा भट्टीत गेला, आणि तो बाहेर येईपर्यंत वहिनींनी डब्यांवर लाल कागद कातरून ठेवले.

इमारतीत शिरल्यावर सिउक्वानच्या एक गोष्ट लक्षात आली. लग्नाचे केक लोक दोन हातांनी घेतात, अभिनंदन म्हणतात आणि फ्रीजवर ठेवून देतात. काय बोलायचं ते दार लावल्यावर बोलतात. गरम टार्टचं तसं नसतं. तो हातात चटके देतो, त्याचे पापुद्रे गळतात, तो तिथल्या तिथे खावा लागतो. आणि ज्याच्या तोंडात टार्ट आहे त्याला नावं ठेवता येत नाहीत. माणसं दारात उभी राहून, हनुवटीखाली तळहात धरून खात होती आणि मान डोलावत होती. याउ डबा धरायचा, ती बेल वाजवायची.

“लग्न आहे उद्या. माझं आणि यांचं. गरम आहे तोवर घ्या.”

होंगच्या सासूबाईंच्या, म्हणजे सेतो विहीणबाईंच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा याउने विचारलं, “हे दार सोडायचं का?”

“याच दारासाठी केक रद्द झाले,” ती म्हणाली आणि बेल दाबली.

विहीणबाईंनी लाकडी दार उघडलं, पण बाहेरचं लोखंडी जाळीचं दार तसंच ठेवलं. “अगंबाई, विहीणबाई, तुम्ही? होंग तर म्हणाला, ते केकचं वगैरे तुम्ही मनातून काढून टाकलंत. मी म्हटलं, शहाणपण केलंत. या वयात कशाला नुसता गाजावाजा.”

“केक नाहीतच. टार्ट आहेत.”

“डबा जाळीतून यायचा नाही.”

“डबा येणार नाही. टार्ट येतो.” सिउक्वानने एक टार्ट उचलला आणि दोन गजांमधून आत धरला. विहीणबाईंनी हात पुढे केला नाही. पापुद्रे त्यांच्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर पडायला लागले. एक, मग आणखी काही. शेवटी लादीच्या काळजीने त्यांनी तो घेतला, आणि हाताला चटका बसला तसा पटकन चावला.

“पूनकडचा?” त्यांनी तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

“पूनकडचा.”

सिउक्वानने दुसरा टार्ट उचलून स्वतःच्या तोंडाकडे नेला. विहीणबाई घास गिळून म्हणाल्या, “अहो, तुम्ही नका खाऊ. नवरीने आपल्या लग्नाचं वाटप खाल्लं तर तिचं सुख तीच खाऊन टाकते. एवढंही माहेरी शिकवलं नाही?”

“शिकवलं की. पहिल्या लग्नात एक कण चाखला नव्हता. तेव्हा माझं सुख कुणी खाल्लं ते मला अजून कळलेलं नाही.” आणि तिने मोठा घास घेतला. “या वेळी मी बघत बघत खाते.”

मागे लिफ्टचं दार उघडलं आणि होंग धापा टाकत बाहेर आला. त्याला कुणीतरी फोन केला असणार. त्याने आईच्या हनुवटीवरचा पापुद्रा बघितला, डबा धरून उभा याउ बघितला, जाळीआड चघळणाऱ्या सासूबाई बघितल्या. या मजल्यावरची आणखी दोन-तीन दारंही किलकिली झाली होती.

“आई,” तो हळू आवाजात म्हणाला, “लोक बघतायत.”

“लोक खातायत,” सिउक्वान म्हणाली. “तू फोन करून केक थांबवलेस. टार्ट थांबवायला तुला भट्टी विझवावी लागली असती. घे, निवतोय.”

होंगने हात खिशातून काढला नाही. ती थोडा वेळ टार्ट पुढे धरून थांबली. मग तिने तो परत डब्यात ठेवला, रागाने नाही, नीट, दुसऱ्यांना धक्का लागणार नाही असा. उद्या सकाळी लग्नाच्या कचेरीत त्याची खुर्ची असेल, तो आला तर बसेल.

“चला हो,” ती याउला म्हणाली. “पलीकडचं दार राहिलंय.” आणि होंगच्या बाजूने पुढे जाऊन तिने बेल दाबली.