ताईनं टाइप केलेला रिपोर्ट

माझी थोरली बहीण बावीस वर्षं एका स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करत होती. डॉक्टर फोटो बघून भराभर बोलायचे, ते रेकॉर्डिंग कानाला लावून ताई टाइप करायची. आमच्या डॉक्टरांना डावं-उजवं कळत नाही, असं ती खुशाल सांगायची. त्यांच्या चुका तीच निस्तरायची.

तिनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. दोघी एकाच घरात. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंडाशयात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सहा किमो झाल्या. प्रत्येक वेळी ती नको म्हणायची आणि मी भांडून न्यायची. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

यंदा तिला जेवण जाईना, जिना चढवेना, तरी कामावर जायची. तिच्याच सेंटरमध्ये स्कॅन झाला. तिचा रिपोर्ट दुसऱ्या मुलीनं टाइप करायचा असं ठरलं होतं. पण रेकॉर्डिंगवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि गडबडीत ते ताईकडेच आलं. अंडाशय काढलेले, यकृतात चार गाठी, आजार पसरल्याची लक्षणं. इतकं टाइप झाल्यावर तिनं नंबर नीट पाहिला. तरी रिपोर्ट पुरता संपवला. मग डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, मोठी गाठ एकदा उजवीकडे म्हणालात, एकदा डावीकडे. नक्की कुठे?"

"उजवीकडे," ते म्हणाले. मग कागदावरचा नंबर बघून त्यांचा चेहरा उतरला. ताईनं दुरुस्ती केली, सही घेतली आणि रिक्षानं घरी आली.

कॉटवर आडवी होऊन तिनं मला हे सगळं सांगितलं. मी फाइल काढून बसलेच.

"दुसरं औषध असेल. उद्याच जाऊ. हातपाय गाळू नकोस."

"जाऊ की. दुखण्यावरचं औषध मागू. किमो नको."

"वेड लागलंय का तुला?"

"मागच्या सहा तुझ्यासाठी घेतल्या. तू एकटी पडशील म्हणून. आता दमले गं. तू एकदा बरं म्हण, म्हणजे मला झोप लागेल."

माझ्या तोंडाशी दहा उत्तरं आली होती. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि ती डोळे मिटून वाट बघत होती.

"बरं," मी म्हटलं.