मिठी लांबली की खुर्ची

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चार याद्या चिकटवलेल्या आहेत: वाणसामान, औषधं, गॅस आणि दुरुस्त्या. घरातले हसतात. हसू देत, आमच्याकडे गॅस कधी मध्येच संपलेला नाही. पण ही सवय मला आईनं लावली नाही की शाळेनं लावली नाही. ती टीव्हीवरच्या कुस्तीनं लावली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सातवीत होते. हुबळीत केशवापुरात पहिल्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर होतं. घरात आई, अप्पा, मी आणि अप्पांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या मुलींच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायची. चाळिशीला आली होती, लग्न केलेलं नव्हतं आणि शाळेची शिट्टी गळ्यात तशीच ठेवून घरी यायची. शनिवारी संध्याकाळी सहाला केबलवर कुस्ती लागे. ती आम्ही दोघी बघायचो. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई मटारच्या शेंगा सोलायला घेऊन वर यायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, पण कोण कुणाचा गळा धरणार हे आमच्याआधी कळायचं.

अप्पा वकील. "सगळं आधी ठरलेलं असतं गं," ते पेपरमागून म्हणायचे.

"मग तुझ्या कोर्टात काय वेगळं असतं, अण्णा?" आत्या विचारायची. "तिथंही पुढची तारीख ठरलेलीच की!"

आमच्या आवडीची एक जोडी होती. अक्कांना नावं उच्चारता येईनात, म्हणून चड्डीच्या रंगावरून एक पिवळा आणि एक हिरवा. जोडीच्या कुस्तीत एकच आत लढतो. तो दमला की कोपऱ्यात उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातावर टाळी देतो, मग जोडीदार आत येतो. पिवळा माझा. एका शनिवारी दोघं जिंकले. पिवळ्यानं हिरव्याला मिठी मारली, ती बराच वेळ सोडेचना, आणि सोडली ती घडीची लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घालायला.

"मोसा!" अक्का ओरडल्या. "मोसा माडिदा नोड्री!" फसवलं हो फसवलं! मटार फरशीभर झाले. मला तर रडूच आलं.

आत्या मटार वेचत म्हणाली, "तीन आठवडे मिठ्या मारतोय. मला वाटलंच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

त्याच रात्री मी ग्राफच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मथळा लिहिला: मोसाची लक्षणं. एक, नेहमीपेक्षा गोड वागणं. दोन, जोडीदाराला हात द्यायला उशीर करणं. तीन, नवीन कपडे. चार, प्रश्न विचारला की खाली बघणं. पाच, मिठी लांबणं. त्यानंतर दर शनिवारी मी खुणा करायचे, आणि पाचही जमली की तो गडी एक-दोन आठवड्यांत उलटायचाच. अक्का मला आधीच विचारून ठेवायच्या, "आज खुर्ची यार मेले?" आज कुणाच्या पाठीत? भविष्य सांगणाऱ्या बाईसारखा माझा मान होता.

आणि मग लक्षणं घरातच दिसायला लागली.

एका साध्या मंगळवारी आत्यानं धारवाडहून पेढे आणले. रिमोट न भांडता माझ्या हातात दिला. दाजीबानपेठेतून मोरपंखी साडी आणली, तीही काही सण नसताना. दर बुधवारी उशिरा घरी येऊ लागली.

"कुठे होतीस?"

"दाढ दुखतेय," ती जमिनीकडे बघून म्हणाली.

मी वही काढली. एक, खूण. तीन, खूण. चार, खूण. माझा संशय सरळ होता. परीक्षा जवळ आली होती, अप्पा केबल तोडायचं बोलत होते, आणि आत्या त्यांना जाऊन मिळाली होती. पुढच्या रविवारी सकाळी तिनं मला जवळ ओढलं आणि मिठी मारली. खूप वेळ. मी तिच्या खांद्यावरून मागे बघून घेतलं. खुर्ची नव्हती. अप्पा होते.

"सांगितलंस का तिला?" ते म्हणाले. "तुझ्या आत्याचं लग्न ठरलंय."

देशपांडे नगरातले दातांचे डॉक्टर. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एक दाढ भरायला एवढे बुधवार लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मोसा!" मी ओरडले आणि वही तिच्या अंगावर फेकली.

आई माझा कान धरायला उठली. "थांब, वहिनी," आत्या म्हणाली. तिनं चष्मा लावला आणि पान नीट वाचलं. शाळेतल्या मुलींची उंची-वजनं तपासावीत तसं. पाचव्यापुढे स्वतःच पेन्सिलीनं खूण केली.

"हे बरोबर. पण दोन नंबर रिकामा का?"

दोन नंबर म्हणजे हात द्यायला उशीर.

"शनिवारी सहाला मी कधी नव्हते?"

"रोज... दर शनिवारी होतीस."

"मग चारावर निकाल कसा देतेस? पाच लागतात ना? तुझाच नियम."

"आता नाही येणार तू."

"सिटी बसनं पंधरा मिनिटं आहेत गं बाई! मी काय बिदरला चाललेय?"

लग्न झालं. त्यानंतरचा पहिला शनिवार. पावणेसहाला मी टीव्ही लावला, वही मांडीवर घेतली. सहा वाजले. अक्का आल्या, आत्याची जागा रिकामी ठेवून बसल्या, शेंगा सोलू लागल्या. सहा पाच. पिवळा आत आला, लोकांनी हुर्यो केली. मी दोन नंबरसमोर पेन्सिल टेकवली. अप्पांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "बस चुकली असेल. जरा थांब." केबल तोडणार होते ते हेच!

सहा दहाला जिन्यात शिट्टी वाजली. लांब, खणखणीत, अख्ख्या मैदानाला रांगेत उभं करणारी.

"पेन्सिल खाली!" आत्या दारातूनच ओरडली. मोरपंखी साडी, घामाघूम. "आम्ही पावणेसहाला निघालो होतो. कंडक्टर हिला आत घेईना!"

"ही" तिच्या मागून जिना चढत होती. डॉक्टरांनी काखोटीला मारलेली घडीची लोखंडी खुर्ची.

"तुमच्याकडे शनिवारी बसायला जागा कमी पडते असं ऐकलं," ते मला म्हणाले आणि खुर्ची खाडकन उघडली.

अक्कांनी मटाराचं ताट छातीशी धरलं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि संपूर्ण कुस्ती तशीच बघितली.