महादूचा शड्डू

परवा कपाट आवरताना आमच्या रेडिओ केंद्राचा जुना माइक सापडला. त्याच्या स्पंजला अजून आखाड्याचा वास येतो, तेल, ताक आणि हळद मुरलेल्या लाल मातीचा. त्या वासासरशी मी राहुरीजवळच्या एका जत्रेत जाऊन पोचलो.

आमचं केंद्र एका खोलीचं, पाच-सहा गावांपुरतं आणि फक्त खेळांचं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीला तिथं कुस्त्यांचं वर्णन करायचो. त्या दिवशी शेवटची कुस्ती आमच्या गावच्या महादूची होती. दहा मिनिटं माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. मग महादूनं समोरच्याला अलगद उचललं आणि मी बोलायचंच विसरलो. भानावर आलो तोवर लोकांनी महादूला खांद्यावर घेतलं होतं, प्रक्षेपणाची वेळ संपली होती, आणि निकाल मी सांगितलाच नव्हता.

आमच्याकडे बायका कुस्त्या बघायला जात नसत. महादूची आई घरी रेडिओला कान लावून बसली असणार, म्हणून मी तडक तिच्याकडे गेलो.

"मावशी, चुकलं माझं. कोण जिंकलं ते सांगायचं राहिलं."

तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला. तेव्हा मी शरमेनं मान खाली घातली होती. आज मात्र त्या दिवशीचीच माझी सगळ्यात चांगली कॉमेंट्री वाटते, कारण मावशी म्हणाली होती, "जिंकला की त्यो मांडीवर दोनदा थाप मारतो, गुरुजी. तुमी गप झाला, म्हनून तर मला ती ऐकू आली."