भाऊजी, चार टायर आणि पांढऱ्या शेपटीचं कुत्रं

नाव नसलेली कुठलीही वस्तू बाजारात आली की ती आधी माझ्या भाऊजींच्या घरी येते आणि तिथून उरलीच तर बाकीच्या सोलापूरला मिळते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेप काही झाला नाही. नावाजलेल्या कंपनीचं काही घ्यायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. "नाव म्हंजे जाहिरातीचा खर्च, सुमन. आपण वस्तू घ्यायची, जाहिरात कशाला घ्यायची?" हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकत आलेय. याच तत्त्वावर त्यांनी आणलेल्या मिक्सरचं झाकण पहिल्याच दिवशी उडालं आणि शेंगांची चटणी थेट छताला जाऊन बसली. तो डाग अजून आहे. ताई तो पाहुण्यांच्या नजरेतून लपवायला बघते आणि भाऊजी बोट दाखवून सांगतात, "छतापर्यंत ताकद हाय बघा मोटारीला." त्यांच्या कुकरला शिट्टी होत नाही, त्यामुळे ताई वासावरून भात उतरवते. एकदा त्यांनी एक छत्री घेतली. ती बटण दाबल्यावर फटकन उघडायची, पण मिटायची मात्र नाही. करकंबला एका लग्नाला ती घेऊन गेले आणि मंगल कार्यालयात, पंख्याखाली, छत्री उघडी धरून अख्खं लग्न बघितलं. परत येताना एस.टी.त कंडक्टरने छत्रीचं अर्धं तिकीट मागितलं, असं भाऊजीच हसत हसत सांगतात.

बरं, घ्यायचं ते स्वस्तातलं, पण झटकन घेऊन मोकळे होतील तर ते भाऊजी कसले! साधा केरसुणीचा विषय असला तरी हा माणूस चार गल्ल्यांना विचारणार. एका जागी बसणं त्यांच्या कुंडलीतच नाही. सोफ्यावर बसले तरी अगदी कडेला, कुणी हाक मारली तर उठायला सोपं जावं म्हणून. जेवताना मधेच उठून गॅलरीत जाऊन येतात. विचारलं की म्हणतात, "काय न्हाय, गाडी हाय का बघून आलो." गाडी कुठे जाणार? विचारात पडले की टेप बाहेर काढतात आणि समोर जे असेल ते मोजायला लागतात. मी त्यांना आंबा मोजताना पाहिलंय, खिडकी मोजताना पाहिलंय आणि एकदा झोपलेल्या माझ्या नवऱ्याला मोजतानाही पाहिलंय.

त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा म्हणजे कुंभारीजवळचं कुत्रं. मनू, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा सहा वर्षांची होती. स्कूटरवर पुढे उभी राहून बापाबरोबर अक्कलकोट रोडने येत होती. कुंभारीच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं, भाऊजींनी ब्रेक दाबला, स्कूटर घसरली आणि मनूच्या डाव्या भुवईवर चार टाके पडले. ती खूण आजही आहे. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक बारशाला, प्रत्येक सत्यनारायणाला होतो आणि दर वेळी कुत्र्याचा रंग वेगळा असतो. कधी ते तांबडं, कधी काळंभोर, एकदा तर ठिपक्यांचं झालं होतं. मी गणिताची बाई, मला असली गफलत खपत नाही. "भाऊजी, मागच्या दिवाळीला काळं होतं," असं मी अडवलं की ते गडबडायचे, खिसा चाचपायचे आणि तेवढ्यात मनू कुठूनतरी म्हणायची, "शेपटी पांढरी होती त्याची." मग सगळे हसायचे आणि किस्सा पुढे सरकायचा.

तर झालं असं, की मनूला दिवस गेले. सासर दुधनीचं, माणसं चांगली, घरात कानडी आणि दारात मराठी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तर ठरलेलंच. पण आठव्या महिन्यात पोरीला प्रवास करू द्यायचा नाही, ही ताईची आणि मनूच्या सासूबाईंची दोघींची सक्त ताकीद. म्हणजे आठवा लागायच्या आत आणायला हवी. हातात दिवस होते दहा. मे महिना, सोलापूरचं ऊन, दुपारी रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय, आणि भाऊजींच्या गाडीचे चारही टायर पार गोटा झालेले. नक्षी कुठे होती ते फक्त भाऊजींना माहीत. त्या टायरवर पोरीला आणायची नाही, असं ताईने बजावलं. "आणि ह्या वेळेला चांगल्या कंपनीचे घ्या, त्या स्कूटरच्या वेळेलापण मी घसा फोडून सांगत होते," असंही वर ऐकवलं. भाऊजी गॅलरीत गाडी बघायला गेले.

ताईच्या गुडघ्यांनी बंड केलेलं आणि माझी शाळेची सुट्टी, म्हणजे ताईच्या हिशेबाने मी रिकामीच. "सुमे, तू जा त्यांच्याबरोबर, नाहीतर हे बाळाच्या मुंजीपर्यंत टायर ठरवत बसतील," असं म्हणून तिने मला त्यांच्या गळ्यात बांधलं. देवा! ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी नऊला भाऊजी दारात हजर. विजापूर वेशीपासून अक्कलकोट रोडपर्यंत टायरचं एक दुकान आम्ही सोडलं नाही. एका भिंतीला नावाजलेले टायर, ज्यांची नावं आपण ट्रकच्या मागे वाचत मोठे झालो. दुसऱ्या भिंतीला अनोळखी, ज्यांची नावं वाचताना जिभेला गाठ पडते. दिसायला दोन्ही काळे, दोन्ही गोल. भाऊजी आधी अनोळखी टायरकडे जायचे. त्याचा वास घेऊन बघायचे, नखाने रबर दाबायचे, भोपळ्यावर मारतात तशी थाप मारायचे, टेप काढून खाच मोजायचे. मग त्याच्या कडेला कोरलेले चार आकडे वाचायचे, ज्यांवरून तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते कळतं. "हा ताजा हाय," म्हणायचे, जणू मेथीची जुडी घ्यायची होती. मला वाटायचं, सुटलो! आणि तेवढ्यात त्यांचे पाय आपोआप दुसऱ्या भिंतीकडे वळायचे. तिथे मात्र ते हात लावायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून नुसते बघायचे, मग एकदम "चल सुमन, अजून एक दुकान बघू" म्हणून चालायला लागायचे.

चहाच्या गाड्यावर त्यांनी ट्रकवाल्यांना विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, रसवंतीवाल्यालाही विचारलं. रसवंतीवाला म्हणाला, "मामा, माझा चरक एका जागी उभा हाय, मला काय विचारता?" ज्याने स्वस्तातला घ्या म्हणून सांगितलं त्याच्याशी भाऊजी भांडले आणि ज्याने नावाचा घ्या म्हणून सांगितलं त्याच्याशीही भांडले. मी उन्हात करपून निघत होते. सातव्या दिवशी माझा संयम सुटला. "भाऊजी, तुमची आयुष्यभराची पद्धत आहे ना? मग घ्या की बिननावाचे चार आणि मोकळे व्हा!" मी हे चिडून बोलले होते. ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हळू म्हणाले की मला नीट ऐकायला जवळ जावं लागलं, "मनू बसणार हाय गं त्या गाडीत."

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा मुसाभाईंच्या दुकानात. हा आमचा तिसरा खेटा. मुसाभाईंनी लांबूनच हात जोडले. "क्या अंकल, अब्बी बी सोचरे क्या?" भाऊजी म्हणाले, न्हाय, ठरलं. दोन नावाजलेले द्या आणि दोन बिननावाचे. मुसाभाई खूश. पण मग भाऊजींनी समजावून सांगितलं की नावाजलेले दोन डाव्या बाजूला लावायचे, पुढे एक आणि मागे एक, आणि बिननावाचे दोन उजव्या बाजूला. मुसाभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. "अंकल, असं कुटं असतंय? पुढची जोडी एकसारखी लागती, मागची एकसारखी लागती. डावी-उजवी वेगळी घातली तर गाडी एका अंगाला ओढणार की. हे असं कोण सांगितलं तुमाला?"

"मनू मागं डावीकडं बसती," भाऊजी म्हणाले. "लहानपणापासून तितंच बसती. माझी बाजू उजवी. माझ्याखाली काय बी चालतंय."

मला हसू फुटणार होतं, आणि ते तोंडापर्यंत आलं तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. किती वेडा माणूस! मुसाभाईंनी पाना खाली ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि चहा सांगितला. मी म्हटलं, "भाऊजी, अहो चारही चांगले घ्या ना. मनूसाठी एवढं वाटतंय तर अडलंय कुठं?"

भाऊजी स्टुलाच्या कडेवर बसले. टेप बाहेर काढला, थोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "चार चांगले घेतले की ते खरं होतंय, सुमन," ते म्हणाले. "कुत्रं नव्हतंच."

मला क्षणभर कळेना कुठलं कुत्रं.

"स्कूटरला मी असाच बिननावाचा टायर घातलेला. तुझी ताई नको नको म्हणत होती. कुंभारीच्या अलीकडं तो फुटला. रस्ता रिकामा होता गं, चिटपाखरू नव्हतं. दवाखान्यात तुझ्या ताईनं विचारलं, काय झालं, आणि माझ्या तोंडून कुत्रं निघालं. मग ते परत आत जाईना. आता चार चांगले घेतले की चूक त्या स्वस्तातल्या टायरचीच होती, हे कबूल केल्यासारखं होतंय." मिक्सर, कुकर, छत्रीपासून साध्या केरसुणीपर्यंत हा माणूस स्वस्ताची बाजू एवढ्या हिरिरीने का लढवत होता, ते मला त्या स्टुलापाशी कळलं. इतकी वर्षं मी त्यांना कुत्र्याच्या रंगावरून पकडत होते, याची मला लाज वाटली. मी मुसाभाईंना सांगितलं, चारही एकसारखे, त्या भिंतीवरचे, आत्ताच्या आत्ता लावा. आणि भाऊजींना म्हटलं, "ताईला काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही चहा घ्या."

नवव्या दिवशी पहाटेच आम्ही दुधनीला निघालो. ताई घरी राहिली, पोर दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायला. भाऊजींनी गाडी इतकी सावकाश चालवली की दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला आम्हाला मागे टाकताना वळून वळून बघत गेला. दुधनीत मनूच्या सासूबाईंनी ओटी भरली, कडक भाकऱ्या बांधून दिल्या आणि जावयाने गाडीभोवती फिरून "नवे टायर का, मामा?" म्हणून विचारलं. भाऊजी नुसतं "हं" म्हणाले. मनू मागे डावीकडे बसली, उशी पाठीशी घेऊन.

परतताना अक्कलकोट मागे पडलं तसे भाऊजी अस्वस्थ व्हायला लागले. सीटवर पुढे सरकले, आरसा नीट केला, परत बिघडवला. कुंभारी दिसायला लागली आणि त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. उतरले. चारही टायरवर एकेक लाथ मारली, गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, परत आत बसले, स्टीअरिंग धरून समोर बघत राहिले. "मनू, तुला एक सांगायचं हाय."

"कुत्र्याचं ना?" मागून मनू म्हणाली.

भाऊजींची मान वळेना. मीच वळले. मनू खिडकीतून बाहेर बघत होती, एक हात पोटावर. "बाबा, मी पुढं उभी होते की. अख्खा रस्ता मला दिसत होता. कुत्रं कुठं होतं?"

"मग... पांढरी शेपटी?"

"तुम्हाला रंग आठवायचा नाही. मावशी पकडायची तुम्हाला. मग मी मदत करायची. दवाखान्यात तुम्ही लई रडत होता, बाबा. टाके मला पडत होते आणि रडत तुम्ही होता. आईनं विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. मग तुम्ही कुत्रं म्हणालात. मला वाटलं, असू दे कुत्रं."

भाऊजींनी उपरण्याने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिले. मग गाडी सुरू केली आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसले. घरापर्यंत ते तसेच बसले होते.

दारात ताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन कधीची उभी होती. "किती हा उशीर! जीव टांगणीला लागला माझा. काय झालं काय वाटेत?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मनूकडे बघितलं. खिशात हात गेला, टेपवर जाऊन थांबला. "कुंभारीजवळ कुत्रं आडवं आलं," ते म्हणाले.

"शेपटी पांढरी होती त्याची, आई," मनू गाडीतून उतरता उतरता म्हणाली.

ताईने हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. घरात खरं बोलण्याची जबाबदारी पहिल्यापासून माझ्यावर आहे. उन्हाने तापलेल्या त्या दारात, मनूच्या भुवईवरच्या त्या बारीक खुणेकडे बघत मी म्हटलं, "हो ताई. मीपण बघितलं."