साडभाऊ ट्रेनर पारखतात

आमच्या साडभाऊंइतका संशयी माणूस राळेगाव तालुक्यात दुसरा नाही, आणि असलाच तर साडभाऊंनी त्याच्याकडे तसा दाखला मागितला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. सगळी नोकरी बियाणे तपासण्यात गेली. पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर, मुदत, शिवण, सगळं भिंगातून पाहायचं आणि मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले, भिंग झालं नाही. न्हाव्याकडे गेले की आधी पातं उजेडात धरतात. नातीच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या पेटल्यावर त्यांनी खोक्यावरची मुदत वाचायला घेतली. वाचून होईपर्यंत मेणबत्त्या संपल्या होत्या. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारलं, "मूळ प्रत आहे का?" ते गुणपत्रिकेबद्दल बोलत होते, असं आम्ही त्या घराला अजून समजावतो आहोत. आठवडी बाजारात त्यांना पाठवण्याची चूक ताईने लग्नानंतर एकदाच केली. वांगेवालीला वाण विचारत ते संध्याकाळपर्यंत बसले, आणि घरी आले तेव्हा पिशवीत माहिती भरपूर होती, वांगी नव्हती. तेव्हापासून बाजार ताईचा.

शेतकऱ्यांना मात्र ते एक गोष्ट न चुकता सांगत. पाऊस होऊन गेला की जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, असा वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो. पेरायचं ते तेव्हाच. "बियाणं पारखा बापा, पण वाफसा जाऊ देऊ नका. मंग सोनं पेरलं तरी उगवत नाही."

ताई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पायात ताकद व्यायामानेच येईल. जाणता ट्रेनर ठेवा, लगेच सुरू करा, पहिले तीन महिने महत्त्वाचे. ताईची मागणी एकच होती, बाजारात स्वतःच्या पायांनी आणि मोकळ्या हातांनी जायचं. वॉकर नको, काठी नको. "ह्यायनं आणलेली भाजी खाऊन मी काही उभी राहात नाही," ती म्हणाली. साडभाऊ म्हणाले, "ट्रेनर मी पाहतो." हे ऐकून ताईने डोळे मिटले. औषधाची गुंगी असावी, असं आम्हाला वाटलं.

पहिले दोन आठवडे प्रश्नावली तयार करण्यात गेले. तीत एक्केचाळीस प्रश्न होते. मुलाखतींना त्यांनी मला सोबत घेतलं, कारण मी वर्तमानपत्रात नोकरी केलेली. माणसं खोटं बोलतात याची मला सवय असणार, असा त्यांचा समज. तो चुकीचा नाही.

यवतमाळच्या पहिल्या जिममध्ये चारही भिंतींना आरसे होते आणि ट्रेनर चारही आरशांत स्वतःकडे पाहून बोलत होता. काउंटरमागे सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र. साडभाऊंनी भिंग काढलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग.

"दोन दिवसांत तर गोणपाटातला दाणाही नीट उगवत नाही, बेटा," साडभाऊ म्हणाले.

"काका, रिझल्ट पहा ना माह्या बॉडीचा."

"ते तुही बॉडी झाली. मले बायकोचा पाय पाह्यजे."

बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला, "सत्यतादर्शक." बियाण्यात हा एक दर्जा असतो. माल चांगला आहे असं माल विकणाराच सांगतो.

दुसऱ्याने ताईचं वय विचारण्याआधी पावडरचा डबा पुढे ठेवला. डबा घेतला तर फीमध्ये सवलत. एका पिशवीसोबत दुसरी गळ्यात बांधणाऱ्या दुकानदारांना साडभाऊंनी आयुष्यभर नोटिसा दिल्या होत्या. इथे नोटीस देण्याचा अधिकार नसल्याने त्यांनी डब्याचा लॉट नंबर उतरवून घेतला. तिसरा म्हणाला, एकवीस दिवसांत काकूला पळवतो. साडभाऊंनी शांतपणे विचारलं, "कोणापासून?" असे सहा झाले. आठवडे किती झाले, हे फक्त ताई मोजत होती.

सातवी ट्रेनर एक मुलगी होती, झरी जामणीकडची. शारीरिक शिक्षणाची पदवी, त्यावर वयस्कांच्या व्यायामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम. राळेगावातच, साडभाऊंच्या घरापासून चार गल्ल्यांवर ती बायकांचे व्यायाम घ्यायची. ताईने तिचं नाव पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. पण शिफारस बायकोची, म्हणजे तीही सत्यतादर्शक. आता इलाज नव्हता. साडभाऊंनी प्रश्नावली उघडली.

"ते सगळं सांगते काका," ती म्हणाली. "आधी काकूच्या ऑपरेशनचे कागद दाखवा."

साडभाऊंनी तिन्ही खिसे चाचपले. भिंग निघालं. "घरी आहेत."

"बीपीची गोळी कोणती घेते?"

"पांढरी."

"पायावर किती भार द्याले सांगतला डॉक्टरनं?"

साडभाऊ माझ्याकडे पाहू लागले.

"मंग कागद घेऊन या. कागद पाह्यल्याशिवाय मी हात लावत नाही."

हे वाक्य त्यांनी नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. त्यांना ते पहिल्यांदाच कोणीतरी ऐकवत होतं. पायरीवर चप्पल घालताना ते हळूच म्हणाले, "भाऊ, ही पायाभूत आहे." ज्या बियाण्यापासून पुढचं बियाणं तयार करतात ते पायाभूत. त्यांच्या तोंडून माणसासाठी हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

कागद घेऊन ते तासाभरात परत गेले. दुसऱ्या दिवशी व्यायाम सुरू झाला. तिने पहिलं काम साडभाऊंना अंगणात बसवण्याचं केलं. "तुम्ही पाहून राह्यले की काकू श्वास धरून ठेवते," ती म्हणाली. ते रोज अंगणात, दाराकडे पाठ करून बसत. वॉकर सुटला. काठी आली, ती राहिली. डॉक्टरांनी तपासून एवढंच सांगितलं की दोन महिने आधी सुरू केलं असतं तर कदाचित तीही सुटली असती. साडभाऊंनी या कदाचितचा पुरावा मागितला नाही.

ताई पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा मी सोबत होतो. वांग्यांच्या ढिगापाशी तिने काठी साडभाऊंकडे दिली, दुकानाच्या खांबाला टेकली आणि दोन्ही हातांनी वांगी निवडू लागली. साडभाऊंनी वांगेवालीला काहीही विचारलं नाही. ते काठी उलटसुलट करून पाहात होते.

"काय पाहून राह्यले? लेबल नाही त्याले," ताई म्हणाली.

"मोकळ्या हातानं यायचं होतं तुले."

तिने एक वांगं बाजूला ठेवलं. "अवो, तुम्हीच सांगत होते ना लोकायले वाफशाचं."

"सांगत होतो," साडभाऊ म्हणाले.

परतताना तिच्या एका हातात काठी होती. वांग्यांची पिशवी साडभाऊंनी घेतली, त्यामुळे तिचा दुसरा हात मोकळा राहिला. तो त्यांनी धरला, राळेगावच्या भर बाजारात, कसलाही कागद न पाहता.