दुसरी खूण

"कुठे वाचलंस?"

हा त्यांचा नमस्कार होता. सकाळी ऑफिसात शिरताना तुम्ही नुसतं म्हणायचा अवकाश, "सर, काय उकडतंय आज!" की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारणार, "कुठे वाचलंस?" मग स्वतःच हसणार, खिडकीच्या काचेला तळहात लावून बघणार आणि म्हणणार, "हं. गरम आहे. बरोबर."

अल कुसैसमध्ये एका टायरच्या गोदामावर आमचं ऑफिस होतं. शाळांसाठी इंग्रजी ज्ञानकोश बनवायचं काम. क्लायंट इंग्लंडमधला, लिहिणारे आम्ही पुण्याचे, कोचीचे, कराचीचे. मी लेख लिहायची आणि सर तपासायचे. तपासायचे म्हणजे प्रत्येक वाक्य कुठून आलं ते शोधत मागे मागे जायचे. पूर्वी ते मिरजेला कॉलेजात ग्रंथपाल होते. अठरा वर्षं दुबईत काढली, अल मनखूलमध्ये आणखी दोघांबरोबर फ्लॅट वाटून घेऊन. बायको आणि मुलगी मिरजेलाच.

लेखाचा प्रिंट काढून ते प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने बरोबरची खूण करायचे. "एक खूण म्हणजे ऐकीव. दोन झाल्या की छापायला हरकत नाही." आणि ती दुसरी खूण सहज मिळायची नाही, बरं का. दोन पुस्तकांनी तिसऱ्याच पुस्तकातून उचललं असेल तर त्यांच्या लेखी ती एकच. मी वैतागायची. "अहो सर, पाच वेबसाइट्सवर आहे!" "असेल. पाच जणांनी एकाच नळाचं पाणी भरलंय. नळ कुठे आहे?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. जेवताना शेजारी नको वाटतो आणि सुट्टीवर गेला की जेवण घशाखाली उतरत नाही. खालच्या कॅफेटेरियाच्या पाटीवर लिहिलं होतं, दुबईतला सर्वांत जुना करक चहा. सरांनी तिथल्या मल्याळी चहावाल्याला शांतपणे विचारलं, "दुसरे नंबर का पुराना किसका है?" तो बिचारा पुढचे चार दिवस सरांना बघितलं की आत जायचा. आमचा पेशावरचा ड्रायव्हर "पाच मिनट, इन्शाल्ला" म्हणाला की सर घड्याळ बघायचे आणि मला म्हणायचे, "इन्शाल्लाला एक खूण. गाडी दिसली की दुसरी."

अशा माणसाच्या टेबलावर ती संत बाई आली.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. तिथले संत म्हणजे एकेक नग. त्यांतली ही बाई आयर्लंडहून निघणाऱ्या होडीला उशिरा पोचली. होडी गेलेली. ती किनाऱ्यावर रडत बसली, तर पाण्यावर एक झाडाचं पान दिसलं. तिने काठीने टोचलं, पान मोठं झालं, ती त्यावर बसली आणि होडीच्या आधी पलीकडे पोचली. सर तिला 'आपल्या पानावरच्या बाई' म्हणायचे. मिरजेतल्याच कुणी शिक्षिका असाव्यात अशा थाटात.

"सर, यात काय तपासायचं?" मी म्हटलं. "आपल्याकडे आळंदीला भिंत चालली, त्यांच्याकडे पान चाललं. सोडा की."

"पान तरंगलं का, हे मी कुठे तपासतोय? पान तरंगलं असं पहिल्यांदा कुणी लिहिलं, ते तपासतोय. बाईंचं काय ते बाई बघून घेतील."

असे चार महिने त्या एका बाईवर गेले. त्यांतल्या पंधरा दिवसांत, सर बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेलेले असताना, मी माती खाल्ली.

माझं प्रोबेशन चालू होतं. नवऱ्याची नोकरी दोनच महिन्यांपूर्वी गेली होती. त्याचा आणि मुलाचा व्हिसा माझ्या नोकरीवर. शारजाहून येता-जाता रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून मी एकच गणित करायची, की ही नोकरी गेली तर मुलाची शाळा वर्षाच्या मध्येच सुटणार. आणि त्या दिवशी संध्याकाळी बाईंचा लेख पाठवायचा होता, त्यात 'आजची परंपरा' या चौकटीत दोन ओळी रिकाम्या होत्या. मी लिहिलं, की तिथले मच्छीमार मोसमाची पहिली होडी काढताना अजूनही होडीच्या टोकाला हिरवं पान बांधतात.

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. डोळ्यांसमोर ते होतं एवढं खरं. आधार म्हणून तिथल्या चर्चच्या एका पुस्तिकेचं नाव टाकलं, पेज नंबर चौदा. सरांच्या ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि वाक्यापुढे दोन खुणा केल्या. त्यांच्यासारख्याच, जरा डावीकडे कललेल्या. यल्ला, चला, लेख गेला. माझं प्रोबेशन संपलं, मी पर्मनंट झाले. ऑफिसात सगळ्यांना मिठाई दिली. सरांनी दोन पेढे घेतले.

वर्षभराने क्लायंटने जुने लेख सुधारायला परत पाठवले. त्यात बाई होत्या. सर खूश. आणि दोन दिवसांनी आणखी खूश होऊन माझ्या टेबलापाशी आले. "अगं, ते होडीचं पान! तिथल्या पर्यटकांच्या माहितीपत्रकात आलंय. एका मुलांच्या पुस्तकात आलंय. एका वेबसाइटवर पण. तीन-तीन ठिकाणी! आपल्या बाईंचं नशीब बघ."

मी म्हटलं, "वा."

मग ते नळ शोधायला निघाले. मुलांच्या पुस्तकाने माहितीपत्रकातून घेतलं होतं. माहितीपत्रकाने वेबसाइटवरून. वेबसाइटने आमच्या ज्ञानकोशातून. आणि आमच्या ज्ञानकोशाने चर्चच्या पुस्तिकेतून, पेज नंबर चौदा. सरांनी चर्चला पत्र लिहून पुस्तिकेची स्कॅन केलेली प्रत मागवली. ती आली त्या दुपारी ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आवाज खाली.

"पुस्तिका बारा पेजची आहे गं."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून होते, मांडीवर त्या बारा पेजचा प्रिंट घेऊन. मग म्हणाले, "खुणा मात्र छान जमल्यात." उठून गेले.

चूक कळवायची म्हणजे फॉर्म भरायचा असे. त्यात एक रकाना होता, चूक कुणाची. कळवायचं नाही हा पर्याय सरांकडे नव्हताच, ते मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी प्रिंटरवर तो फॉर्म पडलेला मी पाहिला. त्या रकान्यात सरांनी स्वतःची आद्याक्षरं घातली होती. खाली लिहिलं होतं, आधार न बघता खूण केली.

अठरा वर्षांत त्या माणसाने लिहिलेलं बिनआधाराचं वाक्य मला एवढं एकच माहीत आहे.

मी काय केलं? काही नाही. फॉर्म उलटा करून प्रिंटरवर ठेवला आणि माझं काम करायला बसले. क्लायंट भडकला. मॅनेजरने सरांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं आणि आणखी एक वर्ष मिळणार हे ठरलेलं होतं. मुलीचं फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष होतं, तेवढं झालं की परत जाणार होते. ते वर्ष गेलं. केबिनमधून बाहेर येऊन ते सगळ्यांना म्हणाले, "खलास. आता मिरजेला जाऊन झोप काढणार." मी तेव्हाही गप्प. रात्री नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला वाटेल मनात काहूर माजलं असेल. तसं काही झालं नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो ना, तसं सगळं होतं. भाजी आणत होते, मुलाचा अभ्यास घेत होते. "आई, यू आर नॉट लिसनिंग," तो म्हणायचा. खरंच म्हणायचा.

शेवटच्या दिवशी सरांनी मला खालच्या कॅफेटेरियात चहाला नेलं. मला वाटलं, आता बोलणार. कपावरची साय बोटाने बाजूला करत त्यांनी विचारलं, "ते होडीचं पान. वाचलं नव्हतंस. मग पाहिलं कुठे होतंस?"

"आजोळी. हर्णैला. कोळी पहिल्यांदा होडी काढायचे तेव्हा पुढच्या टोकाला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधायचे. मी सहा-सात वर्षांची असेन."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हणजे खरं होतं की! फक्त गाव चुकलं." लगेच खिशातून वही काढली, लिहिलं, पुढे एक खूण केली. "एकच हं. तू लहान होतीस. दुसऱ्या कुणालातरी विचार आणि मला फोन कर."

"करते," मी म्हटलं. माफी मागायची ती तेव्हाच. चहावाल्याने बिल आणलं आणि सर उठले.

मी फोन केला नाही. हर्णैला मामा आहे, त्यालाही विचारलं नाही. सरांना फोन करायचा म्हणजे नुसतं आंब्याच्या टाळ्याचं सांगून चालणार नव्हतं, हे मला कळत होतं. आज करू, ईदनंतर करू, सुट्टीत समक्षच जाऊ. दोन वर्षं गेली.

मग या एप्रिलच्या शेवटी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, सर गेले. खाली हात जोडलेल्यांची रांग. मी गाडीत होते, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये. वाचलं आणि पहिली गोष्ट काय मनात आली असेल? कुठे वाचलंस.

डिझाइनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, रिसेप्शनच्या मुलीने सांगितलं. तिला केला. ती म्हणाली, ड्रायव्हरने. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मैंने तो ग्रुप पे ही देखा." गोल फिरून तिथेच. त्यांच्या हिशेबात ही एक खूणसुद्धा धड होत नव्हती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आठ दिवस मी त्या बरं वाटण्यावर काढले. एक फोन केला की काय ते कळणार होतं, म्हणूनच केला नाही.

नवव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आधी मामाला लावला. रिकाम्या हाताने मिरजेला फोन करायची हिंमत नव्हती. मामा म्हणाला, "टाळा? हो तर! अजून बांधतात. मीच देतो ना तोडून, आपल्या परसातल्या आंब्याचा. पण तुला आत्ता कुठे आठवलं हे?"

मग मिरजेचा नंबर. मुलीने उचलला. ऐकलं ते खरं का, मी विचारलं.

"हो, खरंय," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. झोपेतच गेले. तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. ऑफिसचं सांगितलं. आणि मग थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते, म्हणून एका दमात सांगून टाकलं, "तुझ्या बाबांची नोकरी गेली ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. त्यांनी स्वतःवर घेतली. मी गप्प बसले."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"माझं शेवटचं वर्ष आईच्या बांगड्यांवर झालं," ती म्हणाली. रागाने नाही, कोरडंच. "बाबा म्हणायचे, तिकडचं काम संपलं."

"हो."

"तुम्ही हर्णैच्या का?"

मी हो म्हटलं.

"विचारायचे मधूनमधून. हर्णैचा फोन आला होता का. आम्हाला वाटायचं, कुणी नातेवाईक असेल. थांबा." पावलं वाजली, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. पानं उलटत होती. "आहे इथे. होडी, आंब्याचा टाळा, हर्णै. पुढे एक खूण आहे. आणि तिच्या शेजारी जागा सोडलीये."

"मामाने सांगितलं," मी म्हटलं. "बांधतात. अजून बांधतात." इतक्या दिवसांनी गालावरून काहीतरी गरम ओघळलं. नव्या ऑफिसातले सगळे बघत होते, बघू देत.

तीही नाक ओढत होती. मग म्हणाली, "पेन्सिलनेच करायची ना?"

"पेन्सिलनेच," मी म्हटलं. "जरा डावीकडे कललेली."